सापाच्या लसीची रिॲक्शन आणि मांडीत दिलेलं अर्धा मिली ॲड्रेनॅलिन

सर्पदंशावरच्या उपचारात सापाइतकीच भीती लसीची, म्हणजे विष उतरवणाऱ्या इंजेक्शनची, असते, आणि लसीपेक्षाही जास्त भीती, विशेषतः नव्या डॉक्टरांना, लसीच्या रिॲक्शनवर द्यायच्या औषधाची असते. ते औषध म्हणजे ॲड्रेनॅलिन. काही रुपयांना मिळणारं ॲम्प्यूल जवळपास प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ट्रेमध्ये पडलेलं असतं, तरी रिॲक्शन आली की हात आधी ॲव्हिलकडे, म्हणजे खाज-ॲलर्जीच्या नेहमीच्या इंजेक्शनकडे, जातो. हे प्रकरण त्या दोन हालचालींमधल्या काही मिनिटांचं आहे. घटना सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका ग्रामीण रुग्णालयातली. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून वैयक्तिक तपशील बदलले आहेत.

रुग्ण

पन्नाशी ओलांडलेला शेतकरी. भातकापणीचे दिवस. संध्याकाळी पेंढ्या उचलताना उजव्या पायाच्या घोट्याजवळ दंश झाला. पुतण्याने मोबाइलवर सापाचा फोटो काढला होता, आणि ते त्याने फार चांगलं केलं. अंगावरच्या साखळीसारख्या ठिपक्यांवरून घोणस लगेच ओळखता आली. बऱ्याचदा नातेवाईक साप मारून पिशवीत आणतात, त्यात आणखी एकाला चावण्याचा धोका असतो.

रुग्णालयात पोहोचायला दीड तास लागला. पाय पोटरीपर्यंत सुजला होता, हिरड्यांतून रक्त येत होतं. रक्तदाब १३४/८२, नाडी ६४. एवढं भ्यालेल्या माणसाची नाडी ६४ असणं विचित्र होतं. बायकोला विचारल्यावर कळलं, "ह्यांना बीपीची गोळी चालू आहे, रोज सकाळी एक." पाकीट मागवून पाहिलं तर ॲटेनोलॉल निघाली, हृदयाचे ठोके मंदावणारी 'बीटा ब्लॉकर' जातीची गोळी. ही गोळी पुढे महत्त्वाची ठरली.

कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत २ मिली रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवलं. नळी आडवी केली तेव्हा रक्त पाण्यासारखं वाहिलं. म्हणजे विषाने रक्त गोठण्याची क्रिया मोडली होती आणि लस देणं भाग होतं. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर चालते. घोड्यांना थोडं थोडं विष टोचून त्यांच्या रक्तातून ती बनवतात; परळच्या हाफकिनचं नाव महाराष्ट्रात यासाठीच घराघरांत माहीत आहे. दहा व्हायल सलाईनमध्ये मिसळून तासाभरात द्यायच्या ठरल्या.

पूर्वी लस देण्याआधी कातडीत थोडी टोचून 'टेस्ट' करायची पद्धत होती. आम्ही ती केली नाही आणि कुणीही करू नये. टेस्ट चांगली आलेल्याला रिॲक्शन येते, वाईट आलेल्याला येत नाही, आणि मधली वीस-तीस मिनिटं विष मात्र काम करत राहतं. पुतण्याने विचारलं होतं, "काकांनी ही लस आधी कधी घेतली नाही, मग रिॲक्शन कशी येईल?" प्रश्न योग्य होता. शेंगदाणा किंवा पेनिसिलिनच्या ॲलर्जीत शरीराची आधी ओळख झालेली असावी लागते. घोड्याच्या रक्तातली प्रथिनं मात्र पहिल्याच भेटीत थेट रिॲक्शनची साखळी सुरू करू शकतात. म्हणून 'आधी कधी त्रास झाला नाही' या उत्तरावर इथे विसंबता येत नाही.

ट्रे

लस लावण्याआधी सिस्टरनी केलेली एक गोष्ट या प्रकरणाचा कणा आहे, म्हणून ती सविस्तर सांगतो. त्यांनी ॲड्रेनॅलिनची दोन ॲम्प्यूलं उघडली, २ मिलीच्या दोन सिरिंजांमध्ये प्रत्येकी अर्धा मिली भरलं, एक इंच लांबीची सुई लावली आणि प्रत्येक सिरिंजवर चिकटपट्टी लावून पेनाने लिहिलं: 'ॲड्रेनॅलिन ०.५ मिग्रॅ, मांडीत'. उरलेल्या औषधासकट फुटलेली ॲम्प्यूलं वेगळ्या किडनी ट्रेमध्ये ठेवली.

चिकटपट्टीला कारण आहे. सर्पदंशाच्या त्याच ट्रेमध्ये ॲट्रोपिनही असतं, कारण नाग चावलेल्या रुग्णाला निओस्टिग्मिनबरोबर (लुळ्या पडलेल्या स्नायूंसाठीचं औषध) ते द्यावं लागतं. दोन्ही ॲम्प्यूलं लहान, दोन्ही नावं एकाच अक्षराने सुरू होणारी, आणि रात्रीचा अंधुक उजेड. घाईत चुकीचं ॲम्प्यूल फोडलं जाणं ही कल्पनेतली शक्यता नाही. शिवाय त्या सिस्टर इन्शुलिनची सिरिंज कधीच वापरत नाहीत. तिच्यावरच्या खुणा युनिटच्या असतात, मिलीच्या नव्हे, आणि सुई इतकी आखूड की औषध चरबीतच राहतं.

ॲम्प्यूल उजेडात ठेवलं की खराब होतं. गुलाबी किंवा तपकिरी छटा दिसली, कण दिसले, तर ते टाकून द्यायचं. आमच्याकडे खोक्यातून बाहेर काढून ट्रेमध्ये उघडं ठेवलेलं ॲम्प्यूल पाहणीत आढळलं की बदलतात, मुदत शिल्लक असली तरी.

ती पंधरा मिनिटं

८ वाजून १० मिनिटांनी लस सुरू झाली. पहिल्या दहा मिनिटांत थेंब हळू ठेवले होते. ८:२२ला रुग्ण डोकं खाजवायला लागला. मग कानाच्या पाळ्या, मग तळहात. गळ्याखाली गांधी उठायला लागल्या होत्या. तेवढ्यात कोरडा खोकला आला आणि पाठोपाठ उलटी झाली.

ड्यूटीवर बाँडवरचा, म्हणजे शिक्षणानंतरची सक्तीची सरकारी सेवा करणारा, तरुण डॉक्टर होता, हुशार आणि मेहनती. त्याने सिस्टरना सांगितलं, "ॲव्हिल आणि हायड्रोकोर्ट काढा." हायड्रोकोर्ट म्हणजे हायड्रोकॉर्टिझोन, एक स्टिरॉइड. सिस्टरनी सिरिंज पुढे केली: "सर, खोकतायत आणि ओकतायत. ॲड्रेनॅलिन द्यायचं ना?" मी खाटेशी पोहोचलो तेव्हा रक्तदाब ८४/५०, ऑक्सिजन ९१, नाडी ७२. इतका रक्तदाब पडल्यावर निरोगी माणसाची नाडी १२०च्या पुढे पळते. इथे ती पळत नव्हती, कारण ॲटेनोलॉलने हृदयाला लगाम घातला होता. नाडी शांत आहे म्हणजे रुग्ण ठीक आहे असा अर्थ या माणसाच्या बाबतीत काढता येत नव्हता.

लस थांबवली, शीर तशीच चालू ठेवली, नळी बदलून साधं सलाईन जोरात सोडलं. रुग्णाला उताणं झोपवून पायांखाली गाद्या दिल्या. तो उठून बसायला बघत होता, "मला जरा बाहेर जाऊ दे" म्हणत होता. त्याला बसू दिलं नाही. रक्तदाब पडलेल्या माणसाला अचानक उभं केलं की हृदयाकडे परत येणारं रक्त आटतं आणि काही सेकंदांत हृदय बंद पडल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. धाप लागली असेल तर पाठीला टेका देऊन बसवावं, पण चालवू नये, शौचाला नेऊ नये.

८:२४ला न चावलेल्या डाव्या पायाच्या मांडीत, बाहेरच्या बाजूला मधोमध, अर्धा मिली ॲड्रेनॅलिन दिलं. तरुण डॉक्टरने विचारलं, "सर, शीर आहेच, आयव्ही देऊ का? लवकर लागेल." त्याचं उत्तर पुढे सविस्तर देतो, तेव्हा फक्त "नको, मांडीत" एवढंच म्हणालो.

८:२९ला रक्तदाब ८६/५२. खोकला चालूच, छातीत आता शिट्टीसारखा आवाज. दुसरी सिरिंज तयारच होती. दुसरा डोस दिला. ऑक्सिजन चालू होता, सालब्युटामॉलची वाफ लावली. ८:३७ला रक्तदाब १०४/६४, ऑक्सिजन ९६. आता ॲव्हिल आणि हायड्रोकॉर्टिझोन दिलं, कारण खाज आणि गांधींसाठी ती औषधं कामाची आहेत.

मग एक वेगळंच वादळ उठलं. रुग्ण पांढराफटक पडला, हात थरथरायला लागले, आणि तो म्हणाला, "छातीत लई धडधडतंय, माझं काही खरं नाही." बायको रडायला लागली. पुतण्या दारातून ओरडला, "डॉक्टर, हार्टचं इंजेक्शन का दिलं?" आम्ही लगेच ईसीजी काढला, तो व्यवस्थित होता. मी पुतण्याला बाजूला घेऊन सांगितलं की ही थरथर, ही धडधड, हा फिकटपणा औषध लागू पडल्याची खूण आहे आणि अर्ध्या तासात उतरेल. खरं तर हे वाक्य नातेवाइकांना इंजेक्शन देण्याआधीच सांगायला हवं, असा नियम मी त्यानंतर आमच्या वॉर्डात केला.

ॲव्हिल आधी का नाही

रिॲक्शनमध्ये शरीरातल्या पेशी एकाच वेळी हिस्टामिन आणि इतर अनेक द्रव्यं सोडतात. रक्तवाहिन्या सैल होतात, त्यांतून पाणी झिरपतं, श्वासनलिका आवळतात, घशाला सूज येते. ॲव्हिल या सगळ्यांपैकी फक्त हिस्टामिनचा रस्ता अडवतं, आणि तेही हळूहळू. हायड्रोकॉर्टिझोनचा असर दिसायला काही तास लागतात. ॲड्रेनॅलिन मात्र रक्तवाहिन्या आवळतं, हृदयाचं आकुंचन वाढवतं, श्वासनलिका उघडतं आणि त्या पेशींना आणखी द्रव्यं सोडण्यापासून रोखतं. चारही कामं एका औषधाने, काही मिनिटांत. १९०१मध्ये जोकिची ताकामिने यांनी ते शुद्ध रूपात वेगळं केलं आणि तेव्हापासून या कामात त्याची जागा दुसऱ्या कशाने घेतलेली नाही.

वेळेचं गणित कठोर आहे. ब्रिटनमध्ये ॲलर्जीच्या मृत्यूंचा अभ्यास झाला तेव्हा हृदय बंद पडेपर्यंतचा मध्यम काळ इंजेक्शनने आलेल्या रिॲक्शनमध्ये सुमारे ५ मिनिटं, कीटकदंशात १५ आणि अन्नाने आलेल्या रिॲक्शनमध्ये ३० मिनिटं निघाला. शिरेतून लस देताना आपण यांतल्या सर्वांत लहान आकड्यापाशी उभे असतो. ॲव्हिल देऊन 'बघू काय होतंय' म्हणण्याइतकी ती सवलत नाही.

मांडीच का, आणि शीर का नाही

लहान मुलांवर झालेल्या एका अभ्यासात मांडीच्या स्नायूत दिलेलं ॲड्रेनॅलिन सरासरी ८ मिनिटांत रक्तात सर्वोच्च पातळीला पोहोचलं. तेच कातडीखाली दिलं तर ३४ मिनिटं लागली. कातडीखालच्या रक्तवाहिन्या औषधानेच आवळल्या जातात आणि औषध तिथेच अडकतं. मांडीच्या स्नायूत रक्तपुरवठा भरपूर आहे, म्हणून दंडापेक्षाही मांडी बरी.

आता त्या तरुण डॉक्टरच्या प्रश्नाकडे येऊ. त्याच्या डोक्यात बसलेला आकडा होता '१ मिलिग्रॅम आयव्ही'. तो आकडा खरा आहे, पण बंद पडलेल्या हृदयासाठी. तिथे नाडीच नसते, छाती दाबणं चालू असतं, आणि दर तीन ते पाच मिनिटांनी तेवढं शिरेतून दिलं जातं. धडधडत्या हृदयाच्या, जाग्या माणसाच्या शिरेत तोच डोस सोडला तर रक्तदाब भयानक चढतो, ठोके बेताल होतात, हृदयविकाराचा झटका येऊ शकतो, फुप्फुसांत पाणी भरू शकतं. या रुग्णाचं रक्त गोठत नव्हतं; रक्तदाब एकदम २०० पार गेला असता तर मेंदूत रक्तस्राव व्हायला वेळ लागला नसता. ॲड्रेनॅलिनने झालेल्या गंभीर इजांच्या नोंदी वाचल्या तर त्यांत शिरेतून दिलेला डोस किंवा दहापट चुकलेला डोस पुन्हा पुन्हा भेटतो. स्नायूतला योग्य डोस त्यांत क्वचितच सापडतो.

दहापट चुकण्याचं मूळ लेबलात आहे. १:१००० म्हणजे एका मिलीत १ मिलिग्रॅम. १:१०,००० म्हणजे एका मिलीत ०.१ मिलिग्रॅम. पहाटे तीन वाजता शून्यं मोजायला लावणारी ही पद्धत धोक्याची आहे. अमेरिकेत २०१६पासून अशा लेबलांवरचं गुणोत्तर काढून मिलिग्रॅम प्रति मिली एवढंच लिहायला लावलं. आपल्या खरेदी यंत्रणेनेही हा आग्रह धरावा असं माझं ठाम मत आहे. तोवर वॉर्डातल्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवावं: मोठ्या माणसाला अर्धा मिली, मुलांना वजनाच्या प्रत्येक किलोमागे ०.०१ मिली, म्हणजे १० किलोच्या बाळाला ०.१ मिली आणि २० किलोच्या मुलाला ०.२ मिली. सगळं १:१०००चं, सगळं मांडीच्या स्नायूत. फरक पडला नाही तर पाच ते दहा मिनिटांनी पुन्हा.

शिरेतून ॲड्रेनॅलिन द्यायची वेळ येतेच, पण ती दोन-तीन स्नायूतले डोस आणि भरपूर सलाईन देऊनही रक्तदाब उठत नसेल तेव्हा, आणि तेही सलाईनमध्ये पातळ करून, पंपावर, मॉनिटर लावून, मायक्रोग्रॅमच्या हिशेबाने. बीटा ब्लॉकर घेणाऱ्या रुग्णात ही वेळ यायची शक्यता जास्त. अशांना शिरेतून ग्लुकॅगॉन सावकाश देता येतं, कारण ते अडवलेल्या दाराला वळसा घालून हृदयापर्यंत पोहोचतं. तालुक्याच्या ठिकाणी ते सहसा नसतं. आम्ही त्या रात्री पंप तयार करून ठेवला होता आणि १०८ला कळवलं होतं. दोन्हींची गरज पडली नाही.

'म्हातारा आहे', 'बीपी आहे', 'गरोदर आहे' म्हणून ॲड्रेनॅलिन रोखून धरणं मी पुष्कळदा पाहिलं आहे. जीवघेण्या रिॲक्शनमध्ये या औषधाला पूर्ण मनाई करणारं एकही कारण नाही. हृदयरोग्याच्या बाबतीत हिशेब नीट करावा: ८० रक्तदाबावर त्याच्या हृदयालाच रक्त मिळत नसतं.

रक्त गोठत नसलेल्या रुग्णाच्या स्नायूत सुई टोचायची का, हा प्रश्न मात्र रास्त आहे. एरवी आपण अशा रुग्णाला स्नायूत काहीच देत नाही. आमच्या रुग्णाच्या डाव्या मांडीवर सकाळी तळहाताएवढा काळानिळा डाग होता, आत थोडी गाठ लागत होती. टोचल्यावर दहा मिनिटं दाब धरला होता, तरी झाला. पुढच्या आठवड्यात तो विरला. श्वास आणि रक्तदाबाच्या बदल्यात हा व्यवहार मी प्रत्येक वेळी करीन.

पुढची रात्र

रिॲक्शन आली म्हणून लस बंद करायची, ही दुसरी मोठी चूक. घोणशीचं विष अजून अंगात होतं. सर्व स्थिर झाल्यावर ९:२०ला लस पुन्हा सुरू केली, पहिली पंधरा मिनिटं अगदी थेंब थेंब, आणि ॲड्रेनॅलिनच्या दोन नव्या सिरिंजा उशाशी. पूर्ण गेली. सहा तासांच्या चाचणीत रक्त अजून गोठत नव्हतं, त्यामुळे आणखी दहा व्हायल द्यायच्या होत्या.

या वेळी आधीच काही द्यावं का? श्रीलंकेत १००७ रुग्णांवर झालेल्या, २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लसीआधी कातडीखाली दिलेल्या ०.२५ मिली ॲड्रेनॅलिनने गंभीर रिॲक्शन पहिल्या तासात ४३ टक्क्यांनी आणि ४८ तासांत ३८ टक्क्यांनी कमी झाल्या. आधीच दिलेल्या हायड्रोकॉर्टिझोन किंवा प्रोमेथाझिनने (ॲव्हिलसारखंच ॲलर्जीचं औषध) काही फायदा झाला नाही. उलट हायड्रोकॉर्टिझोन जोडीला दिलं तर ॲड्रेनॅलिनचाही फायदा उरला नाही. सरसकट सर्वांना हा आधीचा डोस द्यावा की नाही यावर मतभेद आहेत. एकदा रिॲक्शन येऊन गेलेल्या या रुग्णाला आम्ही तो दिला. या वेळी थोडी खाज सोडता काही झालं नाही. सकाळी साडेआठला नळीतलं रक्त गोठलं.

आमच्याच भागात एक खबरदारी आवर्जून सांगावी लागते. अंधारात 'काहीतरी चावलं' म्हणून आलेला प्रत्येक जण सापाचा रुग्ण नसतो. कोकणातला लाल विंचू चावला की शरीर स्वतःच ॲड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर सोडतं. घाम, थंड हातपाय, चढलेला रक्तदाब, मग फुप्फुसात पाणी. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तवाहिन्या सैल करणारं औषध वापरून हे मृत्यू रोखण्याचा मार्ग दाखवला. त्या रुग्णाला केवळ घाम आणि घाबरेपणा पाहून ॲड्रेनॅलिन देणं म्हणजे आगीत तेल. गांधी, खोकला, घोगरा आवाज, उलटी, पडलेला रक्तदाब आणि नुकतंच दिलेलं इंजेक्शन, हा जुळलेला संच पाहूनच हात सिरिंजकडे जायला हवा.

घरी जाताना

लघवी आणि क्रिएटिनिन तीन दिवस पाहिलं, मूत्रपिंड वाचलं. घरी पाठवताना सांगितलं की आठ-दहा दिवसांनी ताप, सांधेदुखी किंवा पुन्हा गांधी आल्या तर परत या. नवव्या दिवशी तो आलाच. गुडघे दुखत होते, अंगावर पुरळ, कणकण. घोड्याच्या प्रथिनांवर शरीराने सावकाश दिलेलं हे उत्तर असतं. बायकोने विचारलं, "तेच मांडीतलं इंजेक्शन द्या ना, त्या रात्री त्यानंच वाचले." श्वास मोकळा होता, रक्तदाब १३८/८४ होता. या आजारात ॲड्रेनॅलिनचं काही काम नाही. पाच दिवस प्रेडनिसोलोन (स्टिरॉइडची गोळी) आणि खाजेची गोळी दिली, त्यावर तो बरा झाला. ॲटेनोलॉल एकदम न तोडता हळूहळू कमी केली आणि तिच्या जागी ॲम्लोडिपिन सुरू केली, कारण हा माणूस पुढच्या कापणीलाही त्याच शेतात उतरणार आहे.